अनुमानांतला पतंग

आपल्या नैयायिकांनीं अनुमानाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘शेषवत्’ म्हणून एक आहे. नदीला गढूळ पाण्याचा लोंढा आलेला पाहून वरच्या अंगास पाऊस झाला असला पाहिजे असें आपण म्हणतों. पाऊस आपण पाहिलेला नसतो, पाहिलेला असतो तो त्याचा परिणाम. कार्यावरून कारणाकडे जाण्याची ही रीति रोजच्या व्यवहारांत इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिच्यांत कांहीं धाडस आहे असें कोणास वाटत नाहीं. पण ज्या कारणाकडे बोट दाखवावयाचें तें जर पूर्वीं कोणींच पाहिलेलें नसेल, तर मात्र गोष्ट निराळी होते. तेथें अनुमान करणाराची अब्रू पणास लागते, आणि निकाल कळण्यास कधीं कधीं एक आयुष्य पुरत नाहीं. प्राणिशास्त्राच्या इतिहासांत असें एक प्रसिद्ध अनुमान आहे. त्यांतील कार्य म्हणजे एक फूल, व कारण म्हणजे एक पतंग. आणि ज्या वंशांत हा पतंग घातला गेला त्या वंशांत शंभराहून अधिक वर्षें एकच जाति मानिली जात होती. ही हकीगत आज पुष्कळ ठिकाणीं सांगतात. परंतु एखाद्या ज्योतिष्याचें भाकीत अक्षरशः खरें ठरावें अशा थाटांत ती बहुधा सांगितली जाते. तिचें खरें मोल या थाटानें झांकलें जातें असें आम्हांस वाटतें, म्हणून ती येथें क्रमानें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

मादागास्कर हें आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरांत पसरलेलें एक विस्तीर्ण बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या सखल अरण्यांत झाडांच्या खोडांवर व खडकांवर मुळें रोवून वाढणारें एक ऑर्किड आहे. त्याचें फूल मोठें, जाड पाकळ्यांचें, चांदणीच्या आकाराचें व हस्तिदंतासारखें पांढरें असतें, आणि त्याचा सुवास रात्रीं दरवळतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओबेर द्यु पेति-तुआर यास तें १७९८ सालीं आढळलें, आणि १८२२ सालीं मादागास्कर व त्याच्या शेजारच्या बेटांवरील ऑर्किडांविषयींच्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचें शास्त्रीय नांव ‘आंग्रेकम सेस्किपेदाले’ असें आहे. यांतील दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दीड फुटी’. आणि तें विशेषण फुलाच्या मागें शेपटासारख्या लोंबणाऱ्या हिरव्या नळीस उद्देशून आहे. नळी सुमारें फूटभर लांब असते. तिचें तोंड फुलाच्या मध्यभागीं उघडतें, तळ बंद असतो, आणि मकरंद सांठतो तो अगदीं तळाशीं.

१८६२ च्या जानेवारींत जेम्स बेटमन या ऑर्किडांच्या नामांकित इंग्रज संग्राहकानें हीं फुलें चार्ल्स डार्विनकडे पाठविलीं. ऑर्किडांचे पराग कीटकांच्या साह्यानें एका फुलावरून दुसऱ्या फुलावर कसे जातात, या विषयावरील आपला ग्रंथ पुरा करण्यांत डार्विन त्या वेळीं गुंतलेला होता. त्यानें नळ्या मोजल्या. एक नळी साडेअकरा इंच भरली, आणि तींतील खालचा दीड इंच तेवढा मकरंदानें भरलेला होता. आपला स्नेही हूकर यास लिहिलेल्या पत्रांत, हा मध चोखूं शकेल असा कीटक तरी कसला असेल, असें आश्चर्य त्यानें व्यक्त केलें आहे.

परंतु आश्चर्य करून तो थांबला नाहीं, आणि येथेंच शास्त्रज्ञाचा व कौतुकानें पाहणाराचा मार्ग वेगळा होतो. ऑर्किडांचा पराग इतर फुलांप्रमाणें भुकटीच्या रूपानें सुटा नसतो; त्याचे गोळे असतात, आणि गोळ्यास चिकट चकती जोडलेली असते. ही चकती कीटकाच्या अंगास चिकटली म्हणजे गोळा त्याच्याबरोबर दुसऱ्या फुलाकडे जातो. डार्विननें नळींत ताठ केंस घालून पाहिले, सुया घालून पाहिल्या. परागाचा गोळा कांहीं निघेना. तेव्हां त्याच्या मनांत आलें कीं, ज्याची सोंड बुडाशीं जाड आहे असा एखादा मोठा पतंग येथें येत असला पाहिजे, आणि मकरंदाचा शेवटचा थेंब मिळविण्यासाठीं तो आपली सोंड होईल तितकी आंत रेटीत असला पाहिजे. मग त्यानें एकदशांश इंच जाडीची नळकांडी घेऊन ती नळीच्या तोंडांतून खोल दाबली व मागें ओढली. या वेळीं परागाचा गोळा तिला चिकटून बाहेर आला. या प्रयोगावरून त्यानें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत असें लिहिलें कीं, मादागास्करांत दहा ते अकरा इंच लांब होणारी सोंड असलेले पतंग असलेच पाहिजेत. नळीच्या तळापर्यंत सोंड न्यावी लागत नाहीं. मकरंदाच्या पृष्ठभागापर्यंत ती पोंचली म्हणजे पुरें, म्हणून साडेअकराऐवजीं दहा-अकरा.

या अनुमानाच्या पोटांत दुसरा एक विचार होता. सोंड नळीहून लांब असली तर पतंग फुलास डोकें न टेकतांच मध पिऊन निघून जाईल, आणि फुलाचें काम होणार नाहीं. म्हणून ज्या फुलांची नळी किंचित् अधिक लांब त्यांचे पराग अधिक खात्रीनें वाहून नेले जातील, व त्यांचीच संतति अधिक होईल. उलट, नळ्या लांबत चालल्या म्हणजे ज्या पतंगांची सोंड अधिक लांब त्यांसच पोटभर मध मिळेल. अशा रीतीनें फूल व पतंग यांची जणूं चढाओढ लागून पिढ्यान्पिढ्या दोहोंचीही लांबी वाढत गेली असावी. कोणींही हेतु धरून नळी घडविली नाहीं. लहान लहान फरकांची निवड होत गेली, एवढेंच.

हा विचार सर्वांस पटला असें मुळींच नाहीं. कित्येक कीटकशास्त्रज्ञांनीं आपल्या या समजुतीची थट्टा केली, असें डार्विननेंच आपल्या ग्रंथाच्या १८७७ च्या आवृत्तींत नमूद केलें आहे. अधिक गंभीर आक्षेप घेतला तो आर्गाइलच्या ड्यूकनें. पुढें १८६८ पासून १८७४ पर्यंत हिंदुस्थानच्या स्टेट सेक्रेटरीच्या जागीं असलेला तो हाच गृहस्थ. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘नियमाचें राज्य’ अशा अर्थाच्या नांवाच्या ग्रंथांत त्यानें याच फुलाचा दाखला घेऊन म्हटलें कीं, इतकी सूक्ष्म योजना योजकावांचून होणें शक्य नाहीं. याचा अर्थ असा कीं, ज्या फुलावरून डार्विन पतंगाचें अनुमान करीत होता, त्याच फुलावरून ड्यूक ईश्वराच्या कारागिरीचें अनुमान करीत होता.

डार्विनच्या बाजूनें उत्तर देण्यास आल्फ्रेड रसेल वॉलेस पुढें आला. प्राकृतिक निवडीचा सिद्धान्त डार्विनप्रमाणेंच स्वतंत्रपणें ज्याला सुचला तो हा वॉलेस. १८६७ च्या ऑक्टोबरांत एका त्रैमासिकांत लिहिलेल्या आपल्या लेखांत त्यानें चढाओढीची ही प्रक्रिया पायरीपायरीनें उलगडून दाखविली. पण आमच्या मतें त्या लेखांतील सर्वांत मोलाचें काम फार साधें होतें: तो ब्रिटिश म्यूझियममध्यें गेला आणि तेथील पतंगांच्या सोंडा त्यानें मोजल्या. दक्षिण अमेरिकेंतील एका पतंगाची सोंड सवानऊ इंच भरली. उष्ण आफ्रिकेंतील एकाची साडेसात इंच भरली. याचें नांव त्या वेळीं ‘माक्रोसिला मॉर्गानी’ असें होतें व फ्रॅन्सिस वॉकरनें १८५६ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलेलें होतें. याहून दोन-तीन इंच अधिक लांब सोंडेचा पतंग मादागास्करांत असणें यांत अशक्य तें काय, असा वॉलेसचा सवाल होता. खगोलशास्त्रज्ञांनीं ज्या विश्वासानें नेपच्यून शोधला त्याच विश्वासानें निसर्गशास्त्रज्ञांनीं तेथें हा पतंग शोधावा, आणि त्यांसही तसेंच यश येईल, असें त्यानें निःशंकपणें लिहिलें.

नेपच्यूनचा दाखला त्या काळच्या वाचकांस ताजा होता. युरेनसच्या गतींतील विसंगतीवरून ल व्हेरियेनें एका न दिसलेल्या ग्रहाचें स्थान गणितानें काढलें, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्रीं बर्लिन येथें गाले यानें दुर्बीण लावतांच तो ग्रह जवळजवळ त्याच जागीं सांपडला. पण ही उपमा एका ठिकाणीं लंगडी पडते. ग्रह कोणत्या रात्रीं कोठें दिसेल हें गणितानें सांगतां येतें; पतंग कोणत्या अरण्यांत, कोणत्या घटकेस सांपडेल हें कोणतेंही गणित सांगूं शकत नाहीं. म्हणून बर्लिनला जें एका रात्रींत घडलें त्यास येथें चार दशकें लागलीं. १८७३ सालीं दक्षिण ब्राझीलमधून फ्रिट्झ म्यूलरनें दहा-अकरा इंच लांबीची सोंड असलेला एक पतंग आढळल्याचें कळविलें; त्यामुळें एवढी सोंड असूं शकते इतकें सिद्ध झालें. परंतु तो पतंग मादागास्करचा नव्हता. १८८२ सालीं डार्विन वारला तेव्हां त्याचें अनुमान अनुमानच होतें.

निकाल लागला तो १९०३ सालीं, आणि तोही अरण्यांत नव्हे, तर इंग्लंडांतील ट्रिंग या गांवच्या एका खाजगी संग्रहालयांत. वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या धनिकानें जगभरांतून पतंग व फुलपांखरें जमविलीं होतीं, आणि कार्ल योर्डान हा विद्वान् कीटकशास्त्रज्ञ त्यांची व्यवस्था लावीत होता. वेगानें झेपावणाऱ्या ज्या मोठ्या पतंगांस इंग्रजींत ससाण्याचें नांव देतात, त्यांच्या सबंध कुलाचें वर्गीकरण या दोघांनीं त्या वर्षीं प्रसिद्ध केलें. वॉकरच्या आफ्रिकी पतंगासाठीं त्यांनीं ‘झँथोपान’ या नांवाचा नवा वंश काढला. मादागास्करचा पतंग त्याच जातीचा परंतु बेटावर किंचित् निराळा झालेला प्रकार आहे असें ठरवून त्यांनीं त्यास उपजातीचा दर्जा दिला, व तिचें नांव ‘प्रेडिक्टा’ म्हणजे ‘पूर्वीं सांगितलेली’ असें ठेविलें. यांतील गंमत अशी कीं, ज्या जातींत हा पतंग घातला गेला तिचाच आफ्रिकी नमुना वॉलेसनें छत्तीस वर्षांपूर्वीं हातीं घेऊन मोजला होता. तो शोधीत होता त्या प्राण्याचा सख्खा भाऊच त्याच्या पट्टीखालीं होता. वॉलेस त्या वेळीं ऐंशी वर्षांचा होता. नांव ठेवणारांच्या दृष्टीपुढें मुख्यतः त्याचेंच भाकीत होतें. पुढें मात्र लोकांनीं सारें श्रेय डार्विनच्या पदरीं टाकिलें, आणि वॉलेसचें नांव मागें पडलें.

आतां एकाच जातीच्या वंशाविषयीं दोन शब्द. स्वीडनच्या लिनीअसनें घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणें प्रत्येक प्राण्याच्या नांवाचे दोन भाग असतात: पहिला वंशाचा, दुसरा जातीचा, आपल्याकडील आडनांव व नांव यांसारखे. वंश ही सोयरीक दाखविणारी संज्ञा आहे, तेव्हां ज्या घरांत एकच मूल आहे त्यास निराळें आडनांव कशाला, असा प्रश्न सहज सुचतो. याचें उत्तर असें कीं, एखादी जाति शरीररचनेनें सर्व शेजाऱ्यांहून इतकी वेगळी दिसते कीं, कोणत्याही जुन्या घरांत घातली तरी त्या घराची व्याख्याच बिघडते. अशा वेळीं वर्गीकरण करणारा तिला स्वतंत्र घर देतो. म्हणजे ‘या वंशांत एकच जाति आहे’ हें वाक्य निसर्गानें लिहिलेलें नसतें; तत्कालीन पुराव्यावरून मनुष्यानें दिलेला तो एक निवाडा असतो, आणि निवाड्यावर अपील होऊं शकतें.

या वंशाच्या बाबतींत तसें अपील झालेंही. २०२१ सालीं फ्रान्स व इंग्लंड येथील पांच संशोधकांनीं आफ्रिकेचे व मादागास्करचे नमुने पुन्हां शेजारीं ठेवून तपासले. पंखांचे व अंगाचे रंग, सोंडेची लांबी, आणि रॉथ्सचाइल्ड-योर्डान यांच्या काळीं ज्याची कल्पनाही नव्हती तो आनुवंशिक द्रव्याचा पुरावा, या सर्वांवरून त्यांनीं ठरविलें कीं, मादागास्करचा पतंग ही उपजाति नसून स्वतंत्र जाति आहे. त्यांनीं मोजलेली एक सोंड साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, म्हणजे सव्वाअकरा इंच भरली. आजपर्यंत कोणत्याही कीटकाची याहून लांब सोंड मोजलेली नाहीं. याप्रमाणें एकशें अठरा वर्षें एकुलता असलेला हा वंश दोन जातींचा झाला.

पण नांव मिळालें म्हणजे अनुमान सिद्ध झालें काय? आमच्या समजुतीनें या कथेंतील खरा धडा येथें आहे. १९०३ सालीं एवढेंच कळलें कीं, योग्य लांबीच्या सोंडेचा पतंग त्या बेटावर आहे. तो या फुलावर येतो, हें तेव्हां कोणीं पाहिलेलें नव्हतें. लुट्झ वासरथाल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें मादागास्करांत केलेलीं निरीक्षणें १९९७ सालीं विस्तारानें प्रसिद्ध झालीं, तेव्हां तो पतंग या फुलाचा पराग वाहतो याचा प्रत्यक्ष पुरावा पुढें आला. फूल पाहून पतंग कल्पिला गेला त्या दिवसापासून हा काळ एकशें पस्तीस वर्षांचा होतो.

यापुढें तिसरा प्रश्न उरतो तो लांबीच्या कारणाचा. १९८८ सालीं अँडर्स नीलसन यानें स्वीडनमधील एका पांढऱ्या रानटी ऑर्किडाच्या नळ्या मुद्दाम आखूड केल्या, तेव्हां त्या फुलांचे पराग वाहून जाण्याचें प्रमाण घटलें. लांब नळीचा फुलास फायदा असतो, या डार्विनच्या म्हणण्यास त्यामुळें बळकटी आली. उलट वासरथालचें मत असें कीं, पतंगाची सोंड प्रथम लांबली ती फुलाशीं चढाओढ करण्यासाठीं नव्हे, तर फुलांत दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून दूर राहून मध पितां यावा म्हणून; आणि फुलांनीं आधींच लांबलेल्या सोंडेचा फायदा मागाहून घेतला. म्हणजे पतंग आहे हा एक प्रश्न, तो येतो हा दुसरा, आणि सोंड कां लांबली हा तिसरा. पहिल्या दोहोंचा निकाल लागला. तिसऱ्याची सुनावणी चालूच आहे. ‘डार्विन म्हणाला आणि तसें झालें’ या एका वाक्यांत हे तिन्ही प्रश्न एकत्र कोंबले जातात, आणि ज्या शिस्तीमुळें हें अनुमान थोर ठरलें ती शिस्तच नजरेआड होते.

फूल व कीटक यांचा हा संबंध केवढा घट्ट असतो याचा उलट दाखला त्याच सागरांत आहे. व्हॅनिलाचा वेल हाही ऑर्किडाचाच एक प्रकार, मूळचा मेक्सिकोकडचा. फ्रेंचांनीं तो मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या रेयुनियन बेटावर आणून लाविला. वेल वाढला, पण शेंगा धरीनात. कारण स्वदेशीं त्याचे पराग वाहणारे कीटक त्याच्याबरोबर आले नव्हते. शेवटीं १८४१ सालीं एदमों आल्ब्युस नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें व अंगठ्यानें फुलाचें हें काम करण्याची सोपी युक्ति काढली, आणि आज मादागास्करचा सारा व्हॅनिला मनुष्याच्या हातानें फलित होतो. जेथें कीटक नाहीं तेथें हात लागतो. अरण्यांतील आंग्रेकमसाठीं मात्र फुलोफुलीं हात घेऊन कोण फिरणार? मादागास्करच्या पूर्व भागांतील अरण्यें शेतीसाठीं जाळून व तोडून फार मोठ्या प्रमाणावर नाहींशीं झालेलीं आहेत. त्यांतून पतंग गेला तर फूल कांहीं वर्षें दिसत राहील, सुवासही देईल. पण त्याची नळी ही उत्तर नसलेलें पत्र होईल.

आपल्या सह्याद्रीच्या पठारांवरही पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत लांब नळीचें एक पांढरें ऑर्किड फुलतें. त्याच्या ‘लाँगिकॉर्निक्युलाटा’ या लॅटिन नांवांतच ‘लांब शिंगाचें’ असा अर्थ आहे. पांढरा रंग व खोल नळी या खुणा रात्रीं उडणाऱ्या लांब सोंडेच्या पाहुण्याकडे बोट दाखवितात. महाबळेश्वरास किंवा कासच्या पठारावर जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं असें फूल तोडून घरीं आणण्याऐवजीं त्याची नळी तेथेंच पट्टीनें मोजावी, व लांबी टिपून ठेवावी. डार्विनच्या अनुमानाची सुरुवात एका मोजमापापासूनच झाली होती. जें अनुमान आंकडा सांगतें तेंच खोटें ठरूं शकतें; आणि जें खोटें ठरूं शकत होतें पण ठरलें नाहीं, त्याच्यावरच आपण भरंवसा टाकावा.